वाफसा येईना : गोदाकाठचे पाच दिवस

माझं आजोळ निफाड तालुक्यातलं, कादवेच्या काठचं. दिवाळीत मामांना फोन केला तर म्हणाले, "मे महिन्यात धरलाय पावसानं, अजून सोडीना. वावरात वाफसाच येईना, पोरी." वाफसा हा शब्द कितीतरी वर्षांनी कानावर पडला. माती मुठीत दाबली तर तिचा गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारली तर तो फुटावा, अशी जमीन म्हणजे वाफसा. पेरणी, लावणी, नांगरट सगळं त्यावर अडलेलं असतं. माझी लेक भूगोल शिकते. ती म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी हेच आजोबा टँकरबद्दल बोलत होते ना?" बोलत होते. तेवढ्यावरून आमचं ठरलं. २०२५ च्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोघी पुण्याहून गाडी काढून निघालो, गोदावरीच्या उगमापासून नांदूरमधमेश्वरपर्यंत गेलो आणि येताना सिन्नर करून परतलो.

दिवस पहिला : ब्रह्मगिरी

आदल्या रात्री नाशिक गाठलं होतं. पहाटे त्र्यंबकला पोहोचून सहाला ब्रह्मगिरी चढायला लागलो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, थंडी बऱ्यापैकी, आणि नोव्हेंबर असूनही कड्यांवरून अजून पाणी निथळत होतं. (चढणार असाल तर ऊन वर यायच्या आत चढा. हातात काठी ठेवा आणि खायचं काही पिशवीबाहेर काढू नका. माकडं अंगावर येतात.)

वर जाऊन मागं वळून पाहिलं तेव्हा पुस्तकात वाचलेली गोष्ट डोळ्यांना दिसली. ह्या डोंगररांगेच्या पूर्वेला पडलेलं पाणी गोदावरीत जातं आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळतं. पश्चिमेला पडलेलं वैतरणेत जातं, त्यातलं बरंचसं धरणांत अडून मुंबईच्या नळाला येतं. लेक कितीतरी वेळ त्या धारेवर नुसती उभी होती.

वाटेत मेटघर किल्ला गावच्या मावशी लिंबू सरबत विकत बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, "मावशी, तुमच्याकडं पाण्याची काय कमी?" त्यांनी ग्लास विसळता विसळता उत्तर दिलं, "पावसाळ्यात घराच्या भिंती गळतात. चैत्रात हंडा घेऊन विहिरीत उतरावं लागतं." डोंगर उभा, माती पातळ, खाली काळा कातळ. पाऊस कोसळतो आणि दोन-तीन दिवसांत निघून जातो. झरे जिवंत राहायचे तर पाऊस मुरायला हवा, आणि मुरायला तो हळूहळू पडायला हवा. चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत आला तर ब्रह्मगिरीच्या पोटात काय शिल्लक राहणार?

खाली त्र्यंबक गावात गोदावरी दिसतच नाही. ती स्लॅबखालून वाहते. कुशावर्तावर हात जोडले आणि गावाबाहेर पडलो.

दुपारचं जेवण ठरलेलं नव्हतं. एका पाड्यावर रस्ता विचारायला थांबलो तर घरातल्या ताईंनी बसवूनच घेतलं. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं, खुरासणीची चटणी. त्या भुज्यात लसूण आणि मिरचीशिवाय फार काही नसावं, तरी आम्ही दोघी बोटं चाटत होतो. ओटीवर भाताच्या लोंब्यांची एक पेंढी टांगली होती. ताईंनी त्यातली एक लोंबी लेकीच्या हातात दिली. दाण्यादाण्याला नखाएवढा हिरवा कोंब. कापून पसरलेला भात ऑक्टोबरअखेरच्या पावसात चार दिवस भिजला आणि वावरातच उगवला. "आता ह्याचा भात शिजवला तर चिकट होतो, गोड लागतो. पोरं खात नाहीत," त्या म्हणाल्या. लेकीनं ती लोंबी वहीत ठेवली. पैसे काही त्यांनी घेतले नाहीत, म्हणून दोन किलो नागली विकत घेतली.

दिवस दुसरा : गंगापूर आणि गोदाघाट

सकाळी मिसळ खाल्ली. वेगवेगळ्या जागांची नावं नाशिककर तुम्हाला सांगतीलच, माझा आग्रह एकच, पापड आणि दही बाजूला घ्या आणि रस्सा आधी चाखून पाहा.

गंगापूर धरण मातीचं, १९६५ साली पुरं झालेलं. भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, आम्ही जलाशयाच्या कडेनं हिंडलो. पाणी काठोकाठ होतं. नाशिक शहराची तहान मुख्यतः ह्यावर, शिवाय शेतीची आवर्तनं, म्हणजे कालव्यानं ठरावीक पाळीनं सोडलेलं पाणी, आणि कारखानदारी. धरणाची मूळ साठवण ७,२०० दलघफू (दशलक्ष घनफूट), आता ५,६३० धरतात. मधलं दीड टीएमसीहून जास्त पाणी गाळानं खाल्लं. एक टीएमसी म्हणजे हजार दलघफू, सुमारे २,८३१ कोटी लिटर. वरचे डोंगर उघडे पडले, उतारावरची माती सुटली, आणि पाऊस जितका जोरानं येतो तितकी ती खाली येते. म्हणजे साठवायची गरज वाढत असताना भांडं लहान होत चाललंय. काठावर पाणी उपसायच्या मोटारी टाकून बसलेल्या एका दादांना विचारलं तर ते म्हणाले, "पाणी घटलं की हातभर गाळात पाय जातो, पाइप पुढं सरकवायचा तर दोन माणसं लागतात."

संध्याकाळी गोदाघाट. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी बसलो. नाशिकमध्ये पूर मोजायला हा मारुती पुरतो. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, असं शहरभर बोललं जातं. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं की महापूर. १९६९ चा पूर जुनी माणसं अजून सांगतात. अलीकडं २००८, २०१६, २०१९ ला गोदेनं सराफ बाजारापर्यंत पाणी नेलं. फुलं विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "पूर म्हणजे श्रावणातला. औंदा ज्येष्ठातच टपरी उचलायला लागली." जूनमध्येच विसर्ग सोडावा लागला होता, ती गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकताना वेगळी वाटली. जूनमध्ये धरण भरून घ्यायचं की पुढच्या पावसासाठी रिकामं ठेवायचं? पुढं पाऊस आलाच नाही तर? पूर्वीच्या पावसाच्या अंदाजानं बांधलेलं वेळापत्रक दरवाज्यावरच्या माणसाला आता पुरत नाही.

घाटावर २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू होती. नदीच्या पात्रात घातलेल्या काँक्रीटखाली जुन्या कुंडांचे झरे गेले, ते मोकळे व्हावेत म्हणून नाशिककर वर्षानुवर्षं कोर्टात भांडताहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं. नदीला तळाशी श्वास घ्यायला जागा नको का?

दिवस तिसरा : वाघाड आणि ओझर

हा दिवस मला स्वतःला सगळ्यात जास्त पाहायचा होता. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे, फार मोठं नाही. त्याच्या कालव्याच्या शेपटाला, ओझरच्या बाजूला, पूर्वी पाणी पोहोचायचंच नाही. डोक्याकडचे घ्यायचे, शेपटाकडचे वाट पाहायचे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं तिथल्या शेतकऱ्यांना गोळा करून १९९१ च्या सुमारास टेलच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढं त्या चोवीस झाल्या, आणि २००३ मध्ये अख्ख्या प्रकल्पाची मिळून एक संस्था झाली. पाणी घनमापनानं, म्हणजे मोजून विकत घ्यायचं आणि सभासदांना तासावर द्यायचं. आणि पाळी टेलकडून हेडकडं. शेवटच्या शेतकऱ्याला आधी.

एका संस्थेचे सचिव, आम्ही त्यांना अण्णा म्हणत होतो, आम्हाला चारीवर, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यावर, घेऊन गेले. चारीच्या तोंडाशी सिमेंटची एक अरुंद मान आहे, तिच्या बाजूला रंगवलेली पट्टी. पाणी त्या मानेतून जाताना पट्टीवर किती सेंटिमीटर चढलं ते पाहायचं आणि तक्त्यावरून किती लिटर गेलं ते काढायचं. अण्णांनी वाकून पट्टीवरचं शेवाळ अंगठ्यानं पुसलं आणि लेकीला म्हणाले, "वाच." तिनं आकडा वाचला. "आता कोणी म्हणालं मला कमी आलं, तर भांडण माझ्याशी नाही, ह्या पट्टीशी."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या मनात घर करून बसली. दुष्काळाच्या साली काय करता, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "धरणात किती आहे ते आधी सगळ्यांसमोर मांडायचं. मग कोणी किती लावायचं ते पाण्याकडं बघून ठरतं. आधी पेरायचं अन् मग पाणी मागायचं, तिथंच मारामारी." मे ते ऑक्टोबर पाऊस पडलेल्या ह्या साली त्यांची अडचण उलटी आहे. शेतात पाणी साचलेलं, खरिपात आवर्तनाला मागणी नाही, मागणी नाही तर पाणीपट्टी नाही, आणि पाटकऱ्याचा पगार मात्र दर महिन्याला द्यायचाच. जास्त पावसानंही संस्था अडचणीत येते, हे मला आधी सुचलंच नसतं.

(वाघाडला जायचं असेल तर आधी फोन करून, शक्यतो आवर्तन चालू असताना जा. कोरडी चारी बघून काही कळत नाही.)

ओझरहून मामांच्या गावी जाताना मी शॉर्टकट घेतला आणि शिवाररस्त्यावर गाडी रुतली. काळी माती, वरून वाळलेली पापडी, खाली लोणी. चाक फिरायचं आणि गाडी आणखी खाली जायची. नोव्हेंबरची वीस तारीख! माझ्या लहानपणी दसऱ्याला आम्ही ह्या रस्त्यांवर धुळीत लोळायचो. अंधार पडत आला, कुठं बिबट्याची चर्चा, लेक गप्प. तासाभरानं कांद्याचं रोप घेऊन चाललेला एक ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्या पोरानं काही न विचारता साखळी काढली, गाडी ओढली, आणि पैसे दाखवले तर फक्त हसला. त्याच्या ट्रॉलीतलं रोप दुसऱ्यांदा टाकलेलं होतं. पहिलं वाफ्यातच सडलं.

दिवस चौथा : मामांचा मळा आणि नांदूरमधमेश्वर

पहाटे थंडी कडाक्याची. निफाडची थंडी राज्यात नाव काढते, पारा पाचाखाली उतरला की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात नाहीतर फुगलेल्या मण्यांना तडे जातात. मामी चहा ठेवून बाजरीची भाकरी थापत होती. अंगणातूनच द्राक्षबाग सुरू होते.

मामांनी आम्हाला बागेत नेलं. छाटणी होऊन पस्तीस-चाळीस दिवस झालेले. वेल हिरवेगार, पानं तळहाताएवढी, मला तर बाग छान दिसली. मामांनी एक काडी हातात धरली आणि पानं बाजूला केली. जिथं घड असायला हवा तिथं एक बारीक तंतू वळला होता. दुसरी काडी, तिथंही तंतू. "ही बाळी. घड जिरला." तिसऱ्या काडीला बोटभर घड होता. मग दोन काड्या पुन्हा रिकाम्या. मी मोजत गेले. एका वेलावर एरवी तीस-पस्तीस घड ठेवून बाकीचे काढून टाकावे लागतात. त्या वेलावर नऊ होते.

कारण मामांनी सांगितलं तेव्हा मला कळलं की हे नुकसान ऑक्टोबरात झालेलं नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे वेल छाटून नवी काडी वाढवतात. त्यानंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, मुंगीच्या डोक्याहूनही लहान, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्याला लख्ख ऊन लागतं. म्हणजे मे आणि जूनच्या सुरवातीचं ऊन, ज्याला आपण शिव्या घालतो. ह्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यापासूनच आभाळ भरलं. मोसमी पाऊस एरवी ११ जूनच्या आसपास मुंबईत पोहोचतो, तो २६ मे लाच पोहोचला. काडीनं ऊन पाहिलंच नाही. ऑक्टोबरात छाटणी केल्यावर आत काही नव्हतंच, ते तेव्हा कळलं.

"दुष्काळात निदान दिसतं, बाग वाळतेय," मामा म्हणाले. "ह्यात खत घातलं, औषध मारलं, मजुरी दिली, अन् सहा महिन्यांनी समजलं."

मामीची एक वही आहे. शाळेची दोनशे पानी, पिवळ्या पुठ्ठ्याची. द्राक्ष निर्यातीला द्यायची तर प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते म्हणून ती लिहायला लागली, आणि एका कडेला रोजच्या हवेची नोंद स्वतःच्या मनानं करू लागली. मी ती वही तासभर वाचत बसले. "६ मे. संध्याकाळी वादळ. पाऊस." "११ मे. पाऊस." "१५ मे. पाऊस. कांद्याच्या चाळीवर कागद टाकला." जूनच्या पानांवर ऊन हा शब्द तीन ठिकाणी आहे. ऑक्टोबरात पोंगा अवस्थेत, म्हणजे कोंब फुटताना, डाऊनी रोगासाठी लागोपाठ फवारण्या, एका दिवसात दोन, कारण पहिली पावसानं धुतली. आणि मागची वही काढली तर तिथं, "२६ नोव्हेंबर २०२३. गारा. बाग गेली." एवढंच लिहिलेलं. पुढचे आठ दिवस कोरे.

त्याच २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा होता. ३१ ऑक्टोबरला राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले सिन्नर, येवला, मालेगाव होते. त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी गारा. आणि मधे एक वर्ष सोडून अशी ओल. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, अरबी समुद्र तापतोय, म्हणून कोरडी ओढ लांबते आणि पाऊस आला की तुटून पडतो. १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं. लेकीनं हे मामांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मग बागेवर प्लास्टिक टाकायचं का? एकरी लाखांचा खर्च आहे." तिच्याकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. ज्यांच्याकडं पैसे आहेत त्यांनी आच्छादन टाकलंय आणि त्यांची बाग पावसा-गारांतून वाचते. पण मे महिन्याचं ऊन काही प्लास्टिक आणून देत नाही.

कांदा साठवायच्या चाळीचं फार सांगत नाही. उन्हाळ कांदा भावाच्या आशेनं ठेवला, दमट हवेनं तळाचा थर सडला, वरचा लासलगावला नेला तेव्हा भाव पडलेले. चाळीजवळून जाताना नाकाला पदर लावावा लागतो.

(बाग बघायला गेलात तर मालकाला विचारल्याशिवाय ओळीत शिरू नका. नुकतीच फवारणी झालेली असते, आणि तुमच्या चपलेला लागून एका बागेची माती दुसऱ्या बागेत जाते.)

दुपारनंतर मामांसह नांदूरमधमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांनी १९०७ ते १९१३ मध्ये हा बंधारा बांधला, कोपरगाव-राहात्याकडं कालवे नेले. शंभर वर्षांत तो गाळानं इतका भरला की पाणी उथळ पसरलं, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पाखरं आली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव लागलं, महाराष्ट्रातलं पहिलं. पाखरांना जो गाळ लाभला तोच पुराच्या वेळी सायखेडा-चांदोरीच्या घरांत पाणी घालतो, कारण बंधाऱ्यामागं पाणी फुगायला जागाच उरलेली नाही. मामा लहानपणी बहिणीच्या सासरी चांदोरीला पुरात अडकले होते, ते सांगत होते. सांगता सांगता थांबले, कारण समोर थापट्यांचा मोठा थवा उठला. तलवार बदकं, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या, आणि उभ्या पाण्यात एका पायावर शेकाटे. लेकीला दुर्बीण सोडवेना. (चापडगावच्या बाजूनं जा, सूर्योदयापूर्वी जमलं तर उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गावातलेच वाटाडे घ्या, त्यांना प्रत्येक बेटाचं नाव ठाऊक असतं. भडक कपडे नकोत.)

बंधाऱ्यावर उभं राहून मी विचारलं, "मामा, हे पाणी पुढं जायकवाडीला जातं, त्याचं वाईट वाटतं का?" हा प्रश्न आमच्याकडं जपून विचारावा लागतो. २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटप आलं, म्हणजे खोऱ्यातलं पाणी वरच्या-खालच्यांनी न्यायानं वाटून घ्यायचं. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून सोडायचं, असं पुढं ठरलं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला तेव्हा इथं आंदोलनं झाली, मामाही रस्त्यावर बसले होते. ते पाण्याकडं बघत म्हणाले, "तेव्हा वाटलं. औंदा तिकडच्या लोकांची वावरं वाहून गेली ते टीव्हीवर बघितलं. मातीच गेली, ताई. पाणी गेलं तर पुढच्या साली येतं." आणि मग, "पण आम्हाला आधी सांगावं. पेरायच्या आधी सांगावं. बाग काय एका सालाची असते?"

अण्णा चारीवर जे बोलले होते तेच मामा बोलत होते. दोघांची ओळख नाही.

दिवस पाचवा : सिन्नर आणि परत

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि साठेक किलोमीटरवर सिन्नरच्या पूर्वभागात पाचशेच्या आसपास. एकच जिल्हा, एकच खोरं. सिन्नरमध्ये गोंदेश्वराचं मंदिर बघून घ्या, सकाळचं ऊन दगडावर तिरपं पडतं तेव्हा. आम्ही तिथून देवनदीच्या काठानं वडांगळीकडं गेलो.

देवनदीवर इंग्रजांच्या काळातले वळण बंधारे आहेत. नदी पूर्ण अडवायची नाही, थोडं पाणी वळवून उतारानं चारीत सोडायचं. वीज नको, पंप नको. मधल्या काळात ते मोडले, चाऱ्या बुजल्या. लोणारवाडीच्या युवा मित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन ते पुन्हा चालू केले. आम्ही गेलो तेव्हा चारी वाहत होती, गुडघाभर, निवळ. एक काका खोऱ्यानं बारं वळवत होते. म्हणाले, "हिचा खरा उपयोग शेताला पाणी देण्यापेक्षा विहिरीला. चारी चालली की खालच्या विहिरी फुगतात."

त्याउलट पलीकडच्या माळावर शेततळी. आभाळाचे तुकडे जमिनीवर ठेवावेत तशी, काळ्या-निळ्या कागदाची. शेततळ्यानं सिन्नरची डाळिंबं, द्राक्षं जगवली, कोणी नाकारणार नाही. पण पावसाचं पाणी साठवायला काढलेली तळी बोअरच्या पाण्यानं भरली जातात, हे तिथलेच शेतकरी सांगतात. एका तळ्यावर मालकानं कागदावर खडूच्या रेघा ओढल्या होत्या. "मे महिन्यात पंप बंद ठेवला तरी महिन्याला वीतभर उतरतं," त्यांनी हाताची वीत करून दाखवली. जमिनीच्या पोटात झाकून असलेलं पाणी वर आणायचं, विजेचं बिल भरायचं, आणि त्यातलं वीतभर उन्हाला द्यायचं. त्यांनाही ते कळतं. "शेजाऱ्यानं भरलं तर मी कसा थांबू? बोअर तर दोघांची एकाच पाण्यात आहे." वाघाडला मोजपट्टीशी भांडता येतं. बोअरला पट्टी नाही. कोणी किती उपसलं ते कोणालाच दिसत नाही, आणि तापत्या उन्हाळ्यांत सगळ्यात आधी तेच पाणी संपणार आहे. भूजलाचा हिशोब गावानं एकत्र बसून मांडला पाहिजे, पेरणीच्या आधी, सगळ्यांसमोर. पाच दिवस फिरून मला कळकळीनं म्हणायचंय ते हेच.

जेवण रस्त्याकडेच्या एका घरगुती खानावळीत झालं. शेवभाजी, बाजरीची भाकरी, कच्चा कांदा बुक्कीनं फोडलेला. कांदा तेवढा मी मामांच्या चाळीतला पिशवीतून काढला.

संगमनेर ओलांडलं आणि मामांचा फोन आला. पोहोचलात का वगैरे काही नाही. "कुठवर आलात? तिकडं आभाळ कसं आहे?"

लेकीनं काच खाली करून मान बाहेर काढली. दक्षिणेला ढगांची एक पातळ पट्टी होती, तिची खालची कड करडी.

"आजोबा, थोडे ढग आहेत. पांढरे आहेत."

"वारा कुठला आहे बघ."

तिनं रुमाल खिडकीबाहेर धरला. मग तिच्या लक्षात आलं, गाडी चालू आहे. मी गाडी कडेला घेतली.